फागुलाल मास्तरांचा माईक

फागुलाल मास्तर गेल्या धानकापणीच्या दिवसांत गेले. घरी, खाटेवर, जेवणानंतरच्या झोपेत. करंट लागून गेले नाहीत, हे त्यांना कुणी सांगू शकलं असतं तर फार बरं वाटलं असतं त्यांना. वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा राहून ट्रम्पेट वाजवला. त्यातली शेवटची सोळा वर्षं हा माणूस एकाच गोष्टीला भ्यायला. नवेगाव बांधच्या जंगलरस्त्यावर अस्वल आडवं आलं तेव्हा ते सायकलवरून उतरले, बिडी पेटवली आणि अस्वल जाईपर्यंत ओढत राहिले. पण घरचा पंखा लावायचा तर बटणाला आधी उलटा हात लावून बघायचे.

हा उलटा हात म्हणजे मास्तरांची ओळख होती. बोटांच्या मागच्या पेरांनी ते जगाला शिवायचे. दाराची कडी, लोखंडी पलंग, पंगतीतलं स्टीलचं ताट, पाहुण्याची मोटारसायकल, काहीही. एसटीत चढताना दांड्याला आधी उलटा हात, मग सुलटा. माझ्या दुकानात आले की शिलाई मशीनच्या चाकाला उलटा हात लावायचे. ती पायानं चालवायची मशीन आहे, तिला वीज लागतच नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "सुलट्या हातानं धरलं तं करंट तुले धरते," ते म्हणायचे. "उलट्यानं लावलं तं फेकून देते. फेकलेला मानूस उठते. धरलेला नाही उठत."

दुसरी ओळख पायातली. निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला. बँडचा लाल कोट, सोनेरी गोंडे, पांढरी पँट आणि खाली रबरी चपला. कोट मी शिवलेला, त्यामुळे त्या चपला माझ्या डोळ्यांत खुपायच्या. आणि त्या चपला ते कुठेच काढत नसत. आमच्याकडे वरात असो की मंडईची जत्रा, गावदेवी मातामायच्या देवळापुढून बँड जायचा तर सगळे वादक पायातलं काढतात आणि एक गाणं अनवाणी वाजवतात. ही गावोगावची रीत आहे. मास्तर मात्र दहा पावलं मागे थांबून, चपलांसकट, लांबूनच हात जोडायचे. म्हातारी माणसं तोंडावर बोलायची, की मास्तराला माज आला, देवाचाही मान ठेवत नाही. मास्तर ऐकून घ्यायचे. का काढत नाहीत ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती, कारण मला माहीत होतं.

मी भित्रा आहे हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला नवल वाटणार नाही. बसस्टँडजवळ माझं शिंप्याचं दुकान. बँडमध्ये शिरलो तो कोट शिवता शिवता. माप घेताना मास्तरांनी उलट माझंच माप काढलं. म्हणाले, "छाती कबुतराची हाय तुझी, मुरली. पन ओठ कामाचे हायेत. ये वाजवाले." असा मी दुसरा ट्रम्पेट झालो. दुसऱ्या ट्रम्पेटचं सुख असं, की पहिला जोरात वाजत असला म्हणजे आपण चुकलो तरी कुणाला कळत नाही. माझ्यासारख्या माणसाला देवानं दिलेली जागा ती.

पहिले ट्रम्पेट तेव्हा दोन होते. एक मास्तर आणि दुसरा त्यांचा साळा जागेश्वर. मास्तरांच्या बायकोचा, सगुणाबाईंचा धाकटा भाऊ. हसरा, उंच, वाजवताना ट्रम्पेट आभाळाकडे करणारा. त्याच्यात आणि मास्तरांत फरक कानाचा. मास्तरांचा कान म्हणजे छळ होता. गिरणीपुढून जाताना ते सांगायचे की पट्टा ढिला झाला आहे. माझी मशीन बेसूर चालते म्हणून त्यांनी स्वतः तेलाची कुपी आणून दिली होती. सगुणाबाईंनी बाजारातून कुकर आणला तर त्याची शिटी उतरते म्हणून हे महाशय तो बदलून घ्यायला गेले. दुकानदारानं बदलून दिला, पण नंतर वर्षभर ती गोष्ट गिऱ्हाइकांना हसून सांगितली.

त्याच कानानं घात केला.

मला बँडमध्ये येऊन चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती, दिवसाउजेडी. अशाच एका गावच्या मंडईत आम्ही पहिल्यांदा माईक लावला होता. मांडवातल्या बोर्डातून वायर घेतली, आवाज वाढवायचं मशीन हातगाडीवर ठेवलं, माईक दांडीला बांधला. पण भोंग्यातून सारखं घुंऽऽ घुंऽऽ चालू होतं. बाकी कुणाला त्याचं काही नव्हतं. मास्तर मात्र कासावीस झाले. त्या घुंकारावर सूर लावायचा कसा? मांडवातल्या कुणीतरी सल्ला दिला, की तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनेची ही कटकट असते, ती तोडली की आवाज जातो. मास्तरांच्या खिशात पक्कड होती. त्यांनी मला प्लग धरायला सांगितला. मी धरला. एका दाबात पिन तुटून चिखलात पडली. प्लग परत लावला आणि भोंगा एकदम गप्प झाला. मास्तरांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला अजून दिसतं.

पुढचं गाणं मातामायपुढचं होतं. बायांनी सकाळपासून सडा टाकून जमीन ओली केलेली. आम्ही सगळ्यांनी पायातलं काढलं. जागेश्वरला जोर चढला म्हणजे तो ट्रम्पेटचं तोंड माईकजवळ न्यायचा. त्या दिवशीही नेलं, आणि पितळेचा काठ माईकला टेकला. ओरडला वगैरे नाही तो. त्याचे गाल फुगलेले होते, ट्रम्पेट ओठाला लागलेला होता, आणि आवाज मात्र निघत नव्हता. आम्हाला वाटलं दम खातोय. आम्ही वाजवतच राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, दोन ओळी असतील गाण्याच्या, पण त्या दोन ओळी मी आजही कधी वाजवत नाही. मग कुणीतरी बोर्डाचं बटण पाडलं आणि तो खाली आला. जीपनं दवाखान्यात नेला. परत आणला तो पांढऱ्या कापडात.

लोक म्हणाले मशीनमध्ये फॉल्ट होता. तेही खरंच होतं. पिनेचं कुणी विचारलं नाही. चिखलातली ती पिन मास्तरांनी उचलून खिशात टाकली हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्या विषयावर आम्ही दोघं पुढे कधी बोललो नाही. एवढंच झालं की त्या दिवसापासून आमचा बँड बिनमाईकचा झाला, मास्तरांच्या पायात रबरी चपला आल्या आणि हात उलटा झाला.

सोळा वर्षं माईकशिवाय निभली ती मास्तरांच्या छातीवर. जागेश्वरच्या वाट्याचंही तेच फुंकायचे. पण काळ बदलला. आमच्या भागात धुमाल पार्ट्या आल्या. ट्रकवर भिंतीएवढे भोंगे, त्यापुढे ढोल आणि पॅड बडवणारी पोरं. त्यांचा ट्रक एका वरातीत आमच्यामागून आला तर माझा ट्रम्पेट मलाच ऐकू येत नव्हता. मास्तर इतक्या जोरानं फुंकायचे की गळ्याच्या शिरा दोरीसारख्या व्हायच्या, आणि मी वाजवता वाजवता तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे बघत राहायचो. ते गाल फुगवून उभे असले की मला जागेश्वर दिसायचा. आवाज निघतोय ना, एवढं ऐकत राहायचो.

मग दात गेले. ट्रम्पेट ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं, पण ओठांना मागून टेका दातांचा लागतो. समोरचे दोन हलले, एक पडला, मग दुसरा. कवळी बसवून पाहिली, ती वरच्या सुराला तोंडातच नाचायला लागली. एका दुपारी मास्तर दुकानात आले, मशीनच्या चाकाला उलटा हात लावला, स्टुलावर बसले आणि आपला ट्रम्पेट माझ्या कापडाच्या थप्पीवर ठेवला. म्हणाले, "आजपासून पयला ट्रम्पेट तू."

मी म्हटलं, माझा फुंका वरातीच्या दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही, धुमालपुढे माझं काय होणार? त्यावर मास्तरांनी ट्रम्पेट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुले माईक लागल."

त्या शब्दाला सोळा वर्षं त्यांच्या तोंडात जागा नव्हती. मी नको म्हणालो. दुसरं कुणी बघा, मी कोट शिवेन, झांजा वाजवेन, काहीही करेन. मास्तर म्हणाले, की अकरा घरं या बँडवर आहेत आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या ओठाला पहिला ट्रम्पेट यायचा नाही. "आनि माईक मी पाहीन. माझ्या पसंतीशिवाय तुझ्या तोंडाशी काही लागनार नाही."

ती पसंती व्हायला तीन महिने लागले. लग्न जमवायलासुद्धा आमच्याकडे इतके लागत नाहीत.

पहिला माईक मीच आणला, अर्जुनीच्या मोबाईल दुकानातून, शर्टच्या कॉलरला लावायचा. भाषणवाले वापरतात तो. ट्रम्पेटच्या तोंडाला लावला आणि मी पहिला सूर काढला, तर भोंग्यातून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. बोलण्यासाठी केलेली वस्तू ती, पितळेचा दणका तिला सोसेना. मास्तर मान हलवत म्हणाले, बकरीवर धानाचं पोतं लादल्यासारखं झालं. दुसरा एका ओळखीच्या साउंडवाल्यानं वापरून पाहायला दिला. आवाज सुरेख, पण त्याला लांब वायर, ती वायर मशीनला आणि मशीन विजेला. मास्तरांनी वायर बोटानं उचलली, म्हणजे उलट्या बोटानं, आणि तिच्यामागोमाग बोर्डापर्यंत चालत गेले. परत आले ते माईक डब्यात घालूनच. तेवढ्या वेळात माझ्या काखा भिजल्या होत्या.

त्यांचा प्रश्न एकच असायचा. वायरमनला, साउंडवाल्याला, लाईनीवर चढलेल्या लाईनमनलासुद्धा खालून ओरडून विचारायचे, की यात करंट कुठून येतो? उत्तर आलं की पुढचं, की मग तो जातो कुठे? लाईनमन खांबावरून म्हणाला, मास्तर, मी उतरल्यावर विचारा. मास्तर तो उतरेपर्यंत थांबले.

शेवटी गोंदियाला गेलो. बाजारातलं मोठं दुकान, काचेच्या कपाटात माईकच माईक. दुकानदार तरुण, हिंदीत बोलणारा, आधी फार गोड. आम्ही आमचं बजेट सांगितलं, तेव्हा गोडी थोडी उतरली. तरी त्यानं तीन काढले. एक वायरचा, सगळ्यांत स्वस्त. तो मास्तरांनी बघितलाही नाही. दुसरा नवा, बिनवायरचा. ट्रम्पेटच्या काठाला चिमटा, त्यावर वाकवता येणारी मान, सगळं त्यातच. मोबाईलसारखा चार्जिंगला लावायचा. मी खूश झालो. वायरच नाही म्हणजे झालं की!

मास्तरांनी चष्मा लावला आणि त्या माईकच्या पोटाशी असलेल्या बारीक भोकात बघितलं. मग विचारलं, "इसको चार्जिंग पे लगा के बजा सकते क्या?"

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक खात्री करून घेतंय. म्हणाला, "बिलकुल चाचा. चार्जर लगा रहने दो, बजाते रहो. दिनभर चलेगा."

"तो नहीं चाहिए."

दुकानदाराला कळेना. मास्तर त्याला समजावायला लागले, आपल्या मोडक्या हिंदीत. वरात सुरू आहे, माईक संपला, पुढे नवरदेव खोळंबला आहे. अशा वेळी माणूस काय करतो? चार्जर लावतो आणि वाजवतो. हा मुरली भित्रा आहे, तो नाही लावणार. पण याच्यानंतर जो येईल तो लावेल. जिथे वायर लावता येते तिथे वायर लागतेच. दुकानदार आता कंटाळला. इतक्या कमी भावात इतके नखरे चालत नाहीत, असं काहीतरी बोलला, आणि वर हसून म्हणाला, की मोबाईलच्या चार्जरनं कुणी मरतं का?

मास्तरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता भांडतील. पण ते अगदी हळू बोलले. "बेटा, मेरे हाथ से एक आदमी गया है. साला था मेरा. पिन मैंने तोडी थी."

दुकानदाराचं हसू तिथेच राहिलं. मी काचेला हात टेकून उभा होतो. सोळा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते गोंदियाच्या बाजारात, एका परक्या माणसापुढे. त्यात माझं नाव नव्हतं. प्लग धरणाऱ्याला त्यांनी त्यातून वगळलं होतं.

तो तरुण आत गेला आणि धूळ बसलेला एक खोका घेऊन आला. जुना माल, कुणी घेत नाही म्हणून पडलेला. ट्रम्पेटच्या काठाला लावायचा चिमटा, आतून रबर. त्यापासून बारीक वायर कमरेच्या डबीपर्यंत, आणि डबीत दोन पेन्सिल सेल, घड्याळात घालतो तसले. दुसरी डबी लांब मशीनपाशी, या डबीचा तिच्याशी वायरनं काही संबंध नाही. मास्तरांनी कमरेची डबी हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवली. नखानं खालून वरून चाचपली. भोक कुठेच नव्हतं. सेल संपले तर नवे घालायचे, नाहीतर गप्प बसायचं, तिसरा रस्ताच नाही.

"याले वायर लावतो म्हटलं तरी लागत नाही," ते मला म्हणाले. तो त्या दुकानातला सगळ्यांत जुना माईक होता आणि आमच्या बजेटात बसून वर परतीचं भाडं उरलं.

परतताना आम्ही बिरसीला त्यांच्या मुलीकडे चहाला थांबलो. तिथे विमान शिकणाऱ्यांची बारकी विमानं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालत असतात. मास्तर अंगणात खोका मांडीवर घेऊन वर बघत बसले. म्हणाले, त्या पोरांच्या तोंडाशीही माईक असतो, वायरही असते, पण पाय जमिनीला नसतात, म्हणून त्यांना काही होत नाही. हे शास्त्र बरोबर की चूक मला ठाऊक नाही. पण त्यांच्या डोक्यात जग कसं विभागलं होतं ते मला त्या दिवशी कळलं: पाय जमिनीला असलेले आणि नसलेले.

घरी आल्यावर त्यांनी त्या माईकवर आणखी महिनाभर काम केलं. चिमट्याच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. त्यावर माझ्याकडून मखमलीची पट्टी शिवून घेतली, म्हणजे धातू कुठे धातूला शिवायला नको. माईकचं तोंड ट्रम्पेटच्या तोंडासमोर मधोमध धरलं तर वाऱ्याचा फुसफुसाट यायचा, म्हणून चार बोटं लांब आणि जरा कडेला, अशी जागा त्यांच्या कानानं पक्की केली. ती जागा मी आजही बदललेली नाही.

मग मंडईची सुपारी आली. त्याच गावची. सोळा वर्षांनी.

मी आजारी पडायचं ठरवलं. खरंच पडलोही, पोट बिघडलं. मास्तर एकदाच म्हणाले, "दुसऱ्या गावी पयल्यांदा वाजवलं तं भेव तसाच राहीन." आणि सुपारी घेतली.

मंडईच्या पाच दिवस आधी सगुणाबाई दुकानात आल्या. मास्तरांचा कोट घेऊन, खांद्यात बारीक करायला. माणूस वाळला होता. मी टाचण्या लावत होतो. बाई जात नव्हत्या. म्हणाल्या, की हे चार दिवस झाले धड जेवत नाहीत. मी म्हटलं, होईल सगळं ठीक, माईक चांगला आहे. तेव्हा त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मुरली, त्याईच्या पायातल्या चपला काढू नको देजो."

मी टाचणी धरून तसाच थांबलो.

"तू वाजवाच्या पयले ते सोता तोंड लावून पाह्यतीन. मले ठाऊक हाय. चपला राहू देजो पायात, एवढं कर."

मी विचारलं, बाई, तुम्हाला काय ठाऊक आहे? मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"त्याईनं पक्कड तळ्यात फेकली तवा मी घाटावर कपडे धुऊन राहिली होती. पक्कड कोनी उगाच फेकते का गा?" त्यांनी कोटाची घडी माझ्याकडे सरकवली. "भाऊ तं गेला. आता हा एक रायला हाय."

मी त्यांना वचन दिलं. मास्तरांना यातलं काही सांगायचं धाडस मला झालं नाही. सोळा वर्षं एका घरात, एका चुलीशी, एक लपवतो आणि दुसरी लपवलेलं झाकून ठेवते, हे डोक्यात घेऊन मी पाच दिवस कपडे कापले. दोन पँटी आखूड झाल्या.

मंडईचा दिवस स्वच्छ होता. गर्दी, आकाशपाळणा, मुरमुऱ्यांचे ढीग. मांडव त्याच जागी. मातामायपुढे तसाच सडा टाकलेला, जमीन काळी ओली. वादक एकेक करून बूट काढू लागले. मीही काढले. तळव्यांना गारवा लागला आणि तो गुडघ्यापर्यंत चढला. मशीन लांब, वीस पावलांवर, त्याची वायर मांडवाच्या मागून नेलेली. मास्तरांनी सकाळी प्लग उघडून बघितला होता. तिन्ही पिना होत्या. तरी माझे ओठ कोरडे पडले. कोरड्या ओठांनी ट्रम्पेट वाजत नाही. जीभ फिरवावी तर जिभेलाही पाणी नव्हतं.

मास्तर दहा पावलं मागे असायचे ते पुढे आले. माझ्या हातातला ट्रम्पेट घेतला, आधी उलट्या हातानं, मग सुलट्या. डबी आपल्या कमरेला खोचली. आणि खाली वाकून त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली.

मला वचन आठवलं. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "मास्तर, चपला राहू द्या."

"चपला घालून काय समजते?" ते म्हणाले. "तू का चपला घालून वाजवनार हायेस?" आणि डावीही काढली.

बायांच्या गर्दीत सगुणाबाई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

फागुलाल मास्तर ओल्या सड्यात अनवाणी, मातामायच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले, जिथे जागेश्वर उभा होता तिथे. त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावला आणि फुंकला. दात नसलेलं तोंड ते. भोंग्यांतून सगळ्या मंडईभर फुस्सऽऽ असा आवाज गेला, सायकलची हवा सोडल्यासारखा. गर्दी क्षणभर बघत राहिली आणि मग हसली. आकाशपाळण्यातली माणसंसुद्धा हसली. ज्या माणसाला कुकरची शिटी उतरलेली खपत नव्हती, तो त्या हसण्यात उभा राहून तो घाणेरडा आवाज काढतच राहिला. मी त्यांचे गाल बघत होतो. गाल फुगलेले होते, आणि आवाज येत होता. येऊ दे, मी मनात म्हणत होतो, बेसूर तर बेसूर, येऊ दे. छातीतला सगळा वारा संपेपर्यंत त्यांनी फुंकलं. मग दम घेतला आणि करंट असलाच तर त्याला वाट मिळावी म्हणून ट्रम्पेटचं तोंड मातामायच्या दगडी कठड्याला टेकवून पुन्हा एकदा तितकंच फुंकलं.

परत येऊन त्यांनी ट्रम्पेटचं तोंडाकडचं टोक कोटाच्या बाहीला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "काही नाही याच्यात," ते म्हणाले. "वाजव."

मी वाजवलं. कसं वाजवलं ते लोक सांगतात, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की पहिली ओळ झाल्यावर मी डोळे उघडले तर मास्तर हात जोडून देवीसमोर उभे होते, पाय चिखलानं माखलेले. सगुणाबाई गर्दीतून पुढे आलेल्या होत्या आणि त्यांनी मास्तरांच्या दोन्ही रबरी चपला उचलून पदरात छातीशी धरल्या होत्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. बाईंनी भावाच्या जागेकडे एकदा बघितलं.

त्यानंतर मास्तर बँडबरोबर आले नाहीत. त्यामुळे लाल कोटातले मास्तर म्हटलं की मला ती दुपार आठवते. गाणं संपलं, मी ट्रम्पेट खाली घेतला, तेव्हा सगुणाबाई वाकल्या आणि त्यांनी चपला मास्तरांच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या. मास्तरांनी त्या घातल्या नाहीत. हातात घेतल्या, आणि गर्दीतून वाट काढत, ओल्या जमिनीवरून, दोघं घराच्या रस्त्याला लागले.